पात्राला भोक बारीक का असतं

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा अख्ख्या गावाला वेळ मोजायला पाण्यात बुडणारं एक भांडं होतं, आणि तेवढं सगळ्यांना पुरत होतं.

ते गाव नदीच्या वळणावर होतं. आठवड्याला तिथे बाजार भरायचा, आणि बाजार उठण्याआधी देवळापुढच्या घाटावर लिलाव व्हायचा. कुणाला म्हैस विकायची असे, कुणाला जुनं दार, कुणाला मागे कुणी न उरलेल्या माणसाचं सामान. ज्याला हवं त्यानं बोली करावी. नाणं तिथे क्वचित दिसे. बोली जोंधळ्याच्या पायल्यांत व्हायची, आणि घरात जोंधळा नसेल तर तेवढ्या मोलाची आपल्या हातची वस्तू दिली तरी चाले.

लिलाव घटकेवर चाले. देवळाची गुरवीण आजी मोठ्या घंगाळात नदीचं पाणी भरी आणि त्यावर तांब्याचं एक हलकं पात्र अलगद सोडी. पात्राच्या बुडाला एक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. त्यातून पाणी आत यायचं. हळूहळू पात्र जड व्हायचं, आणि शेवटी बुडून घंगाळाच्या तळाला टेकायचं. ठण्‌ असा आवाज व्हायचा. त्या आवाजाआधी ज्याची बोली शेवटची, त्याची वस्तू.

जुने लोक बोली करताना नुसता आकडा सांगत नसत. घंगाळातल्या पाण्याला बोट लावायचं, आणि वस्तू कशाला हवी तेही सांगायचं.

"दोन पायल्या. आमच्या म्हाताऱ्याला थंडी सोसत नाही, म्हणून ही गोधडी हवी."

मग बाकीचे विचारात पडत. कुणी म्हणे, असू दे, घे बाबा तू. कुणी म्हणे, मलाही लागणार आहे, तीन पायल्या. दोन्ही चालायचं. सक्ती कुणावर नव्हती.

त्या गावात सटवाजी नावाचा एक दोर वळणारा होता. अंबाडीचा वाख भिजवावा, कुटावा, त्याला पीळ द्यावा, हा त्याचा धंदा. त्याच्या दोराला बांधलेला बैल कधी सुटला नाही, असं लोक म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण बोलायचा कमी, आणि हवं-नको तर कधीच बोलायचा नाही.

त्याचं असं होण्याला कारण होतं. तो लहान असताना त्याचा बाप वारला. घर चालेना, तेव्हा आईने बापाची दोर वळायची लाकडी चरखी घाटावर आणली. घटका सोडली, आणि आईने चरखीवरून हात काढला तशी या पोराला रडू फुटलं. तो धावत गेला, अख्खा हात पाण्यात बुडवला आणि ओरडला, "माझ्या बाबाची आहे! मला हवी! माझ्याकडे बोरं आहेत, ती घ्या!"

लोकांचे डोळे भरून आले. सगळे गप्प बसले. चरखी पोरालाच मिळणार होती. पण जरीचा फेटा बांधलेला परगावचा एक माणूस त्या दिवशी घाटावर होता. त्याला मौज वाटली. "पोरा, एवढी हवी का तुला?" असं म्हणून त्यानं बोली वाढवली. पोर आणखी रडलं. त्यानं आणखी वाढवली. पात्र बुडालं, आणि तो माणूस हसत हसत चरखी घेऊन गेला. तिचं त्यानं काय केलं, देव जाणे. त्याला कुठे दोर वळायचे होते?

सटवाजीने त्या दिवशी मनाशी गाठ मारली. मागितलं की महागतं. हवं ते तोंडावर दिसलं की जातं.

पुढे तो मोठा झाला. दुसरी चरखी केली, संसार केला. आणि दर बाजाराला घाटावर येऊन घंगाळाशेजारी बसू लागला. बोलायचा नाही. नुसतं पात्राकडे बघायचा. दोर वळणाऱ्याला बघत बसायची सवय असतेच, पीळ कुठे बसला, कुठे सुटला, हे डोळ्यांनीच कळायचं असतं. बघता बघता त्याला पात्राची सगळी लक्षणं कळली. आधी काठ पाण्याबरोबर येतो. मग काठाभोवती पाण्याची एक कडा थरथरते. मग आतून एक बुडबुडा निघतो, बुडुक. त्यानंतर पात्र तळाला जाईपर्यंत एका श्वासाचा अवकाश असतो. बस, एका श्वासाचा.

सटवाजी त्या श्वासात बोलायचा. "एक पायली जास्त." आणि ठण्‌!

दुसऱ्या कुणाला तोंड उघडायलाही वेळ मिळत नसे. वस्तू सटवाजीची.

पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी म्हणाले, दैव बलवत्तर. पण बाजारामागून बाजार तेच झालं, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. तरी कुणी भांडलं नाही, कारण नियम त्यानं मोडला नव्हता. बोललेला जोंधळा तो नेऊन मोजून देई.

आता खरं सांगायचं तर, आधी तो गरजेचंच घेत होता. मग त्याला त्या बुडबुड्याची गोडी लागली. घरात सामान येऊ लागलं. कातडं फाटलेला नगारा आला. पालखीचा एकच दांडा आला. कुणाच्या तरी लग्नातली छत्री आली, तिच्या झालरीत उंदरांनी घरटं केलेलं होतं.

त्याची बायको हौसा कपाळावर हात मारी. "अहो, नगारा कुणापुढे वाजवायचाय? माझ्या माहेरच्यांच्या वरातीत?"

"स्वस्तात मिळाला."

"फुकट मिळालं म्हणून कुणी वाळवी आणतं का घरात? उद्या गुरवीण आजीनं ते पात्रच विकायला काढलं, तर तेही घेऊन याल तुम्ही. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

सटवाजी हसायचा. हसताना तो वाईट दिसत नसे.

एकदा घाटावर एक जातं आलं. चांगलं काळ्या दगडाचं, नुकतेच छिन्नीने टाके घातलेलं. पात्र पाण्यावर सोडताच कुंभारवाड्यातली बायजा पुढे झाली. तिचा नवरा मागच्या साली गेला होता. चाक आणि भट्टी ती एकटी सांभाळत होती. तिने पाण्याला बोट लावलं.

"तीन पायल्या. माझं जातं फुटलंय. शेजारणीचं मागायला रोज लाज वाटते."

घाट शांत झाला. कुणी बोलेना. कोंडाजी तेली होता, त्याला जातं हवं होतं, पण त्यानं तोंड फिरवलं आणि नदीकडे बघत बसला.

सटवाजी तिथेच होता, घंगाळावर वाकलेला. बायजाचे शब्द त्याच्या कानांवर पडले, पण आत गेले नाहीत. त्याचे प्राण डोळ्यांत गोळा झाले होते, आणि डोळे काठावर होते. कडा थरथरली. बुडुक.

"चार पायल्या."

ठण्‌.

बायजा मागे वळली. तिने ओलं बोट पदराला पुसलं आणि पायऱ्या चढून गेली. सटवाजीने जातं घरी आणलं. घरात एक जातं होतंच. मग हे नवं अंगणात पालथं पडून राहिलं, आणि कोंबड्या त्यावर बसू लागल्या.

त्यानंतर गाव बदललं. कसं बदललं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांनी मनात म्हटलं, आधी बोलून उपयोग काय? आधी बोलणारा हरतो. तेही गप्प बसू लागले. पात्र सोडलं की घाटावर नुसती पाण्याची झुळझुळ ऐकू यायची. कुणी पाण्याला बोट लावेना, कुणी कशाला हवं ते सांगेना. सगळे माना पुढे काढून बगळ्यांसारखे बसायचे, आणि बुडबुडा आला की एकदम कावकाव व्हायची.

गुरवीण आजी एकदा म्हणाली, "पूर्वी इथे माणसं येत होती. आता नुसते कान आणि घसे येतात."

कुणी लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला सटवाजीची लेक गजरा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. लहानसा, पण केस भरपूर. सटवाजी दोर वळताना बाळाला शेजारी झोळीत ठेवायचा आणि चरखीच्या आवाजावर त्याला झोपवायचा. आपल्या बापाची चरखी गेल्यापासून या माणसाने कशावर एवढा जीव लावला नव्हता.

मग थंडी वाढली, आणि बाळाची छाती उडू लागली. श्वास घरघरू लागला. दूध ओढताना ते दमायचं आणि सोडून द्यायचं. वैदीण आली. तिने शेक दिला, लेप दिला, आणि म्हणाली, "गाढविणीचं दूध मिळालं तर बघा. ताजं, तिथल्या तिथे काढलेलं, चमचा चमचा. माझ्या आजीने त्याच्यावर पोरं वाचवलीत."

पण गाढवीण आणायची कुठून? गावात गाढव होतं ते कुंभारवाड्यात, एकट्या बायजाकडे. आणि बायजाचं गाढव दिवाळीतच मेलं होतं. तेव्हापासून ती माती डोक्यावर वाहत होती.

सटवाजी आजूबाजूच्या वाड्यावस्त्या फिरून आला. कुठेच मिळाली नाही.

आणि पुढच्या बाजाराला, देवच पावावा तसा, मिठाची गाढवं हाकत एक मिठवाला गावात उतरला. त्याच्या तांड्यातली एक गाढवीण वाटेत व्याली होती. शिंगरू तिच्या पोटाखाली लटपटत उभं होतं. "हिच्या पायाने चाललो तर मीठ पोचायच्या आधी विरघळेल," असं म्हणून त्यानं मायलेकरांना घाटावर आणून उभं केलं.

हौसाने नवऱ्याच्या हातात एक छोटी पितळी लोटी दिली. "अहो, आज तरी आधी बोला. गावासमोर सांगा, बाळासाठी हवीय म्हणून. कुणी आडवं येणार नाही."

"तुला माहीत नाही," सटवाजी म्हणाला. "सांगितलं की महागतं. मला घटका कळते. मी आणतो तिला."

"मला घटका कळत नाही. पण बाळाचा श्वास ऐकू येतो," हौसा म्हणाली.

त्याने लोटी घोंगडीच्या आत धरली आणि तो निघाला. वाईट हेतू नव्हता हो त्याचा. भ्यायलेला माणूस ओळखीच्या वाटेनेच धावतो.

घाटावर गुरवीण आजीने पात्र सोडलं. सटवाजी घंगाळाशेजारी बसला. एकवार, अगदी एकवारच, त्याची नजर गाढविणीकडे गेली आणि तिथे थोडी जास्त रेंगाळली.

तेवढं पुरलं. कोंडाजी तेल्याने शेजाऱ्याला कोपर मारलं.

"पाहिलंस? सटवाजी गाढविणीकडे बघतोय."

"दोरवाल्याला गाढवीण कशाला?"

"तेच म्हणतोय मी! एरवी तो वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही, नुसतं पात्राकडे बघतो. हिच्यात काहीतरी आहे."

"काय असणार? गाढवीणच ती."

"अरे, मिठवाल्याला ठाऊक नसेल. चांगल्या जातीची असेल. दूरदेशीची. कान बघ केवढे आहेत."

"कान गाढवाचे केवढे असायचे असतात?"

"तू गप्प बस. त्याच्या आधी ओरडायचं, एवढं ध्यानात ठेव."

कुजबुज पायरी पायरी चढत वरपर्यंत गेली. सटवाजीला ती कळली. त्याने चटकन मान फिरवली आणि आभाळाकडे बघू लागला. तेव्हा तर लोकांची खात्रीच झाली. "बघा, आता मुद्दाम तिकडे बघत नाही. म्हणजे नक्कीच काहीतरी आहे!"

खालच्या पायरीवर बायजा उभी होती. तिला गाढवीण खरोखर हवी होती. डोक्यावर माती वाहून तिची मान दुखत होती. पूर्वीची बायजा असती तर तिने पुढे होऊन बोट लावलं असतं. पण जात्याच्या दिवसापासून तीही शिकली होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि बुडबुड्याची वाट बघत राहिली.

एवढी माणसं, आणि सगळा घाट मुका. पात्रात पाणी चढत होतं. शिंगरू आईला लुचत होतं, तेवढाच आवाज.

काठ पाण्याबरोबर आला. कडा थरथरली.

बुडुक.

आणि अख्खा घाट एकदम ओरडला. कुणी मण म्हणालं, कुणी दोन मण, कुणी नुसतंच "माझी! माझी!" सटवाजीचा आवाज त्यात होता, बायजाचाही होता. नदीत दगडांची पाटी ओतावी तसे सगळे आवाज एकमेकांवर आदळले. शिंगरू बिचकून आईच्या पोटाखाली शिरलं.

ठण्‌ कधी झालं, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

लोकांनी गुरवीण आजीकडे पाहिलं. आजीने घंगाळात डोकावलं. पात्र तळाशी होतं.

"शेवटचा आवाज कुणाचा, मला कळला नाही," ती म्हणाली. "बोली पाण्यात गेली. ज्याची वस्तू त्याने परत न्यावी."

हाही जुनाच नियम होता, पण कुणाच्या आठवणीत तो कधी लागला नव्हता.

"आजी, पुन्हा सोडा की पात्र!" कोंडाजी म्हणाला.

"बुडलेली घटका पुन्हा येते होय रे? आजची घटका झाली."

मिठवाला वैतागला. "काय गाव आहे! विकत घ्यायला एवढी तोंडं, आणि घेतलं कुणीच नाही." त्याला उजेड आहे तोवर पलीकडचा बाजार गाठायचा होता. त्याने गाढवं पाण्यात घातली आणि जिथे पाणी उथळ होतं त्या उतारावरून नदी पार करू लागला. गाढवीण मागून चालली. शिंगरू त्याने खांद्यावर घेतलं होतं.

सटवाजी मटकन पायरीवर बसला. घोंगडीतून काहीतरी निसटलं आणि खणखणत पायऱ्या उतरत गेलं. ते बायजाच्या पायाशी येऊन थांबलं. तिने उचलून पाहिलं. इवलीशी पितळी लोटी.

"ही कशाला आणलीत, भाऊजी?" तिने विचारलं.

सटवाजीने तोंड उघडलं. बोलायची सवय नव्हती, शब्द कसे लावायचे तेच त्याला सुचेना. शेवटी एवढंच आलं, "दुधाला. बाळाची छाती उडतेय. वैदीण म्हणाली, गाढविणीचं दूध."

कोंडाजी तेली डोक्यावर हात मारून ओरडला, "अरे सटवाजी! मग तोंडात काय धरलं होतंस? मला काय करायचीय गाढवीण? माझा घाणा बैल ओढतो! तू बघत होतास म्हणून मी ओरडलो!"

"मीही," दुसरा म्हणाला.

"आणि मी. मला तर गाढवाची भीती वाटते," तिसरा म्हणाला, आणि खाली मान घालून उभा राहिला.

बायजा लोटीकडे बघत होती. "मला गाढवीण हवी होती," ती हळूच म्हणाली. "खरंच हवी होती. पण मला तिची पाठ हवी होती, भाऊजी. माती वाहायला. दूध घेऊन मी काय करणार होते?"

सटवाजीने वर पाहिलं. एका जनावराची पाठ एकीला हवी, दूध दुसऱ्याला हवं. दोघं एकाच घाटावर, हाताच्या अंतरावर, एकाच पात्राकडे बघत बसलेले. आणि जनावर नदीपलीकडे चाललेलं.

गुरवीण आजीने घंगाळात हात घालून पात्र वर काढलं. पाणी ओतून दिलं आणि ते उजेडासमोर धरलं. भोकातून उन्हाची एक बारीक तिरीप आली.

"सटवाजी, तू आयुष्यभर हे पात्र बघत बसलास. याला भोक एवढं बारीक का ठेवलंय, हे कधी मनात आलं का?"

"झटपट बुडावं असं वाटलं असतं, तर जुन्या माणसांनी बोटभर भोक पाडलं असतं. त्यांना काय भोक पाडता येत नव्हतं? अरे, पाणी चढायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसांनी एकमेकांना सांगावं, एकमेकांचं ऐकावं, म्हणून ते बारीक आहे. घटका होती ती तेवढ्यासाठी. तू तिचा शेवटचा श्वास घेतलास आणि बाकीची सगळी घटका टाकून दिलीस. आणि तुझं बघून सगळ्यांनी टाकली."

ती रागावून बोलली नव्हती. तिने त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला. "त्या फेटेवाल्याला मी पाहिलंय. मीच होते तेव्हा घंगाळापाशी. तुझ्या तोंडाला कुलूप कुणी लावलं ते मला ठाऊक आहे, लेकरा. पण तो एक होता. आम्ही सगळे गप्प बसलो होतो, ते तुला आठवत नाही का?"

सटवाजीला ते खरंच आठवत नव्हतं. त्याला एवढी वर्षं फक्त एक हसणं आठवत होतं.

"उठा," बायजा म्हणाली. "नदीला अजून उतार आहे."

ती दोघं पाण्यात शिरली. पाणी कमरेला लागलं, थंडीने दात वाजले. पलीकडच्या काठाला मिठवाला गोण्या पुन्हा बांधत होता. ही दोघं धापा टाकत येताना पाहून त्याचे डोळे बारीक झाले.

"एवढं धावत आलात, म्हणजे भारीच हवीशी दिसते," तो म्हणाला. "आता तो भाव नाही हं."

सटवाजीला तो फेटेवाला आठवला. तोच आवाज. एवढी हवी का तुला? त्याचे दात आपोआप मिटले. पण बायजाच्या हातात ती लोटी होती. त्याने लोटीकडे पाहिलं, आणि लहानपणी बोलला होता तसं सगळं बोलून टाकलं.

"हवी आहे. फार हवी आहे. घरात बाळाला श्वास घेता येत नाही. तिचं दूध हवंय. आणि या बाईंना तिची पाठ हवीय, यांचं गाढव मेलंय. तुम्ही जे म्हणाल ते आम्ही दोघं मिळून देऊ. मला घासाघीस येत नाही."

मिठवाल्याने हातातली गोणी खाली ठेवली. मग त्याने बायजाच्या हातातून लोटी घेतली, गाढविणीशेजारी उकिडवा बसला आणि दूध काढू लागला.

"भाव नंतर," तो म्हणाला. "आधी हे पोचवा. मीही लेकरांचा बाप आहे."

कोंडाजी तेलीही त्यांच्या मागोमाग नदी ओलांडून आला होता. त्याने ती लोटी डोक्यावर धरून नदी परत ओलांडली आणि एक थेंब न सांडता हौसाच्या हातात दिली.

आणि हो, मिठवाल्याने भाव केलाच. व्यापारी होता तो, देव नव्हता. सटवाजीने वर्षभरात वळलेले सगळे दोर गेले, बायजाची पुढची अख्खी भट्टी गेली. घाटावर आधी तोंड उघडलं असतं, तर थोडक्या जोंधळ्यात काम झालं असतं. पण दोघांपैकी कुणीही हूं की चूं केलं नाही.

रोज पहाटे गाढवीण सटवाजीच्या अंगणात यायची. दूध काढून झालं की बायजा तिला मातीच्या खाणीकडे घेऊन जायची. शिंगरू मध्येच कुठेतरी उड्या मारत असायचं. बाळाची घरघर हळूहळू कमी झाली. दुधाने झाली, की वैदिणीच्या शेकाने, की थंडी ओसरली म्हणून, ते कुणी सांगावं? एके सकाळी ते पोटभर प्यायलं आणि मोठ्याने रडलं, आणि घरात सगळे हसले.

त्याच सकाळी सटवाजीने अंगणातलं पालथं जातं सुलटं केलं. कोंबड्यांची घाण धुतली, त्याचे दोन्ही दगड दोराने बांधले आणि गाढविणीच्या पाठीवर दोन्हीकडे सारखे तोलले.

"हे काय?" बायजाने विचारलं.

"तुमचं आहे. तुम्ही आधी बोलला होता. मी ऐकलं नव्हतं."

बायजाने जात्यावर हात फिरवला. "आता मला शेजारणीकडे जायची सवय झाली हो. दळता दळता गप्पा होतात," ती म्हणाली. मग हसली. "पण असू द्या. आता तिला माझ्याकडे बोलवीन."

पुढच्या बाजाराला सटवाजी घंगाळाशेजारी बसला नाही. तो पायऱ्यांवर लोकांत बसला. एक जुनं घोंगडं लिलावाला आलं. पात्र पाण्यावर टेकलं न टेकलं तोच तो उठला आणि त्याने पाण्याला बोट लावलं.

"एक पायली. लेक सासरी जाईल, तेव्हा वाटेत बाळाला पांघरायला हवं."

लोक चकित होऊन बघत राहिले. मग मागून घाटावरचा म्हातारा नावाडी खोकला. पुढे येऊन त्यानेही बोट लावलं. "दीड पायली. पहाटे नाव ढकलतो, अंगावर काही नाही रे बाबा."

सटवाजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. खरंच, अंगावर काही नव्हतं. इतकी वर्षं त्याच्याच नावेतून तो ये-जा करत होता. सटवाजी खाली बसला.

पात्र सावकाश बुडालं. ठण्‌ आवाज सगळ्यांना ऐकू आला.

घरी हौसा दारातच उभी होती. त्याचे रिकामे हात पाहून म्हणाली, "अगं बाई! आज काहीच नाही? झोप लागली होती का घंगाळापाशी?"

"नाही," सटवाजी म्हणाला. "ऐकत बसलो होतो." आणि त्याने बाळासाठी आपलंच घोंगडं कापायला घेतलं.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपली गरज वेळेत सांगावी आणि दुसऱ्याची वेळेत ऐकावी, कारण शेवटच्या क्षणी माणसाला फक्त ओरडता येतं.